रिकाम्या हाताची भीती



समोरच्याच्या हातात काहीच नसेल, तर त्याच्यावर हत्यार चालवता येतं का? अमेरिकेत घर घेतलं, पोरं शाळेत जायला लागली, की हा प्रश्न कधी ना कधी जेवणाच्या टेबलावर येतोच. आमच्या ह्यूस्टनमध्ये तर हमखास. मला त्यावर दोनच उत्तरं ऐकायला मिळतात. एक पक्ष म्हणतो, "हातात शस्त्र नव्हतं ना? मग सरळ खून." दुसरा म्हणतो, "माझ्या आवारात शिरला ना? मग मी वाट्टेल ते करीन." दोन्ही पक्ष एकदम ठाम, आणि कायद्याच्या दृष्टीने दोघांचंही बरोबर नाही.

मी वकील नाही, डेटाबेस सांभाळणारा साधा इंजिनिअर आहे. पण गेल्या हिवाळ्यात या विषयावरचे जुने निकाल वाचायचा नाद लागला आणि सुटेना. लॉजिक वाचायची सवय असलेल्या माणसाला हे निकाल फार आवडतात, कारण प्रत्येक निकाल म्हणजे कुठलीतरी अट नेमकी कुठे लागू होते याचीच चर्चा असते. त्यातलं जे डोक्यात राहिलं ते इथे लिहितो आहे. सल्ला म्हणून वाचू नका, इतिहास म्हणून वाचा.

आधी मूळ नियम. इंग्लंड, अमेरिका, भारत, तिन्हीकडे गाभा सारखाच आहे. प्राणघातक बळ वापरायचं तर समोरून मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती असायला हवी, ती आत्ता या क्षणाची हवी, आणि तेवढं बळ वापरण्याची गरज हवी. यात हल्लेखोराच्या हातातल्या शस्त्राचा उल्लेखच नाही, हे लक्षात घ्या. नुसत्या हातांनी गळा आवळता येतो. खाली पडलेल्याचं डोकं फरशीवर आपटता येतं. पंचविशीचा पैलवान आणि सत्तरीचे आजोबा, किंवा एकटा माणूस आणि त्याच्याभोवती पाच जण, यात कुणाच्याच हातात काही नसलं तरी सामना बरोबरीचा नसतो. म्हणून कोर्ट हातापेक्षा भीतीकडे बघतं: ती खरी होती का, आणि त्या जागी दुसरा शहाणासुरता माणूस असता तर त्यालाही ती वाटली असती का? या दुसऱ्या भागाला कायद्यात 'वाजवी' म्हणतात. गेल्या दीडशे वर्षांचं सगळं भांडण या एका शब्दावरून आहे.

इंग्रजांचा जुना कायदा या बाबतीत फारच कंजूष होता. स्वतःचा जीव वाचवताना हातून माणूस मेला, तर मध्ययुगात राजाकडे माफी मागावी लागे, आणि माफी मिळाली तरी मालमत्तेवर पाणी सोडावं लागे. ब्लॅकस्टोनने १७६९ साली लिहिलेल्या भाष्यात नियम असा आहे की भांडणात सापडलेल्या माणसाने आधी जमेल तेवढं मागे सरायचं, पाठ भिंतीला किंवा खंदकाला टेकेपर्यंत. त्यानंतरही समोरचा थांबला नाही तरच हत्यार. राजाच्या राज्यात राजाचा माणूस मारायचा हक्क सहजासहजी कुणाला द्यायचा नाही, असा तो हिशोब होता. अपवाद फक्त घराचा. 'माणसाचं घर म्हणजे त्याचा किल्ला' हे वाक्य आपण इथे रोज ऐकतो. ते १६०४ च्या सेमेन खटल्यातून आलं. गंमत म्हणजे तो खटला दरोड्याचा नव्हताच, उधारीच्या वसुलीसाठी शेरीफने घरात शिरावं की नाही याचा होता! असो.

हा कायदा अमेरिकेत आला आणि इथल्या मातीत बदलला. नोव्हेंबर १८७६ मधला अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस. इंडियाना राज्यातल्या न्यू कॅसल गावात मतदानाच्या दिवशी दोन माणसांची जुंपली. एकाने दुसऱ्यावर हाताने हल्ला केला, दुसऱ्याने पिस्तूल काढून गोळी घातली, पहिला मेला. खालच्या कोर्टाने गोळी घालणाऱ्याला दोषी ठरवलं. १८७७ मध्ये इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. मागे सरण्याचा नियम अमेरिकन मनाला पटत नाही, असं न्यायमूर्तींनी जवळजवळ याच शब्दांत लिहून ठेवलं. ज्याची चूक नाही आणि जो आपल्या हक्काच्या जागी उभा आहे, त्याने पळायची गरज नाही. ओहायोच्या कोर्टाने त्याच सुमारास म्हटलं होतं की 'खऱ्या पुरुषा'वर पळ काढण्याची सक्ती करता येणार नाही. खरा पुरुष! कायद्याच्या निकालात मर्दानगी अशी थेट येऊन बसली.

मग १८९५. जागा आजच्या ओक्लाहोमाची, तेव्हाची इंडियन टेरिटरी. बेअर्ड नावाचा शेतकरी, शेजारचे तीन जोन्स बंधू, आणि वाद एका गाईचा. भाऊ गाय न्यायला आले. बेअर्ड बंदूक घेऊन आपल्या आवारात उभा. त्यातला एक भाऊ खिशात हात घालून त्याच्याकडे चालत आला, "दाखवतोच तुला" अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि खिशातल्या हाताची हालचाल केली. बेअर्डने गोळी झाडली नाही. बंदुकीचा दस्ता त्याच्या डोक्यात घातला. तो माणूस त्या जखमेने मेला. खटला चालला फोर्ट स्मिथला, 'फाशीवाला जज' म्हणून गाजलेल्या आयझॅक पार्करपुढे. पार्करने ज्युरीला सांगितलं की हा माणूस घराच्या आत नव्हता, म्हणजे मागे सरणं त्याचं कर्तव्य होतं. ज्युरीने सदोष मनुष्यवधाचा दोष दिला. वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती हार्लन यांनी हा निकाल रद्द केला: स्वतःच्या जमिनीवर उभा असलेला माणूस जागा सोडायला बांधील नाही, आणि प्रसंग वाजवी वाटेल तसा हाताळायचा त्याला हक्क आहे. त्या खिशातून काय निघणार होतं ते निघेपर्यंत थांबायची सक्ती त्याच्यावर नव्हती.

१९२१ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी आणखी एक पाऊल टाकलं. तो खटला चाकूचा, म्हणून आपल्या विषयाच्या थोडा बाहेर आहे. पण त्यांचा एक विचार तेव्हापासून सगळीकडे उद्धृत होतो: अंगावर चाकू आलेल्या माणसाकडून शांतपणे बसून विचार करायची अपेक्षा करता येत नाही. बरोबरच आहे. अडचण एवढीच, की चाकू दिसतो आणि भीती दिसत नाही.

ती अडचण पुरती उघडी पडली ती २२ डिसेंबर १९८४ ला, न्यूयॉर्कच्या सबवेत. ही हकिगत जरा सविस्तर सांगतो.

बर्नहार्ड गेट्झ, वय ३७, शिक्षणाने इंजिनिअर (आपलाच जातभाई!), घरातूनच इलेक्ट्रॉनिक उपकरणं कॅलिब्रेट करायचा धंदा करणारा. १९८१ मध्ये सबवेतच तीन पोरांनी त्याला मारहाण करून लुटलं होतं. त्यानंतर त्याने पिस्तुलाचं लायसन्स मागितलं, ते नाकारलं गेलं, तरी तो .३८ रिव्हॉल्व्हर बाळगत असे. त्या शनिवारी दुपारी मॅनहॅटनमध्ये तो डब्यात शिरला. तिथे ब्राँक्सची चार कृष्णवर्णीय मुलं होती. त्यातला एक जवळ आला आणि "पाच डॉलर दे" म्हणाला. कुणी हात लावला नाही, शस्त्र दाखवलं नाही. गेट्झ उठला आणि त्याने पाच गोळ्या झाडल्या. चौघेही जखमी झाले. एक जण कायमचा पंगू झाला. मुलांच्या कोटांत स्क्रू ड्रायव्हर सापडले, पण ते त्यांनी बाहेर काढले नव्हते, आणि गेट्झला ते माहीतही नव्हते.

गेट्झ पळाला आणि ३१ डिसेंबरला न्यू हॅम्पशायरमधल्या काँकॉर्डच्या पोलिसांसमोर हजर झाला. तिथे त्याने दिलेला जबाब रेकॉर्ड झाला आहे. त्यात तो स्वतःच म्हणतो की या मुलांपैकी कुणाकडेही बंदूक नाही याची त्याला खात्री होती. भीती होती ती पूर्वीच्या अनुभवावरून, आपल्याला मारून लुळंपांगळं करतील याची. एका मुलाला तर दुसऱ्यांदा गोळी घालताना "तू ठीक दिसतोस, ही घे आणखी एक" असं आपण बोललो, असंही त्याने सांगितलं.

आता बघा, आपला प्रश्न इतक्या शुद्ध स्वरूपात क्वचित सापडतो. हल्लेखोर (तसं म्हणायचं असेल तर) बंदुकीशिवाय आहेत हे बचाव करणाऱ्यालाच माहीत आहे. आणि न्यूयॉर्कच्या कायद्यात गंभीर दुखापतीच्या भीतीबरोबर दुसरी एक वाट आहे: जबरी चोरी होते आहे असं वाजवीपणे वाटलं, तरी प्राणघातक बळ चालतं. जबरी चोरीला शस्त्र लागतंच असं नाही.

पहिल्या ग्रँड ज्युरीने खुनाच्या प्रयत्नाचा आरोप ठेवायलाच नकार दिला, फक्त विनापरवाना शस्त्राचा ठेवला. त्या वेळचं न्यूयॉर्क आठवा, किंवा आठवत नसेल तर त्या काळचे सिनेमे बघा. लूटमारीने लोक इतके टेकीला आले होते की अर्ध्या शहराला गेट्झ हिरो वाटत होता. दुसऱ्या ग्रँड ज्युरीने आरोप ठेवले, न्यायाधीशाने ते काढून टाकले. काढताना कारण असं दिलं की भीती वाजवी आहे का हे गेट्झच्या नजरेतून ठरवायला हवं होतं, सरकारी वकिलाने ज्युरीला सर्वसाधारण माणसाचं माप दिलं ते चुकलं. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सपुढे गेलं. जुलै १९८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सोल वॉक्टलर यांनी आरोप परत लावले. त्यांचं म्हणणं असं: 'मला भीती वाटली' एवढंच पुरेसं धरलं, तर बळ कधी वापरायचं याचा कायदा प्रत्येक माणूस स्वतःपुरता बनवेल. भीती वाजवी हवी. पण वाजवी म्हणजे काय हे ठरवताना ज्युरीने त्या माणसाची परिस्थिती बघावी: समोरच्यांची अंगकाठी, त्यांच्या हालचाली, आणि त्याचा स्वतःचा आधीचा अनुभव सुद्धा.

हा निकाल मला वाचायला अतिशय आवडला आणि तरी पटेना. कारण दार बंद करता करता त्यांनी खिडकी उघडी ठेवली. १९८१ मध्ये मार खाल्लेल्या माणसाचा अनुभव मोजायचा, ठीक. पण 'अशा दिसणाऱ्या पोरांनी मला मारलं होतं' हाही अनुभवच की! मग त्या चार मुलांच्या कातडीचा रंग, तो शब्द न उच्चारता, ज्युरीच्या खोलीत शिरतोच. जून १९८७ मध्ये ज्युरीने गेट्झला खुनाच्या प्रयत्नातून सोडलं, शस्त्र बाळगल्याबद्दल फक्त दोषी धरलं. त्या ज्युरीतले अर्धे जण स्वतः कधी ना कधी गुन्ह्याचे बळी ठरले होते. पुढे १९९६ मध्ये ब्राँक्समध्ये दिवाणी दावा चालला. तिथल्या ज्युरीने त्या पंगू मुलाला ४ कोटी ३० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. तोच डबा, त्याच पाच गोळ्या. फरक पुराव्याच्या मापाचा होताच. फौजदारीत संशयाला जागा नको, दिवाणीत पारडं जरा झुकलं तरी पुरे. पण मॅनहॅटन आणि ब्राँक्स या दोन वस्त्यांच्या भीतीचाही होता, असं माझं मत.

आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी मात्र गेट्झपेक्षा दुसरी एक हकिगत माहीत करून घ्यायला हवी. १७ ऑक्टोबर १९९२, लुइझियानातलं बॅटन रूज. इथून गाडीने चार-साडेचार तास. जपानच्या नागोया शहरातून एक्स्चेंजवर आलेला योशिहिरो हत्तोरी, वय १६. हॅलोवीनच्या पार्टीला निघाला होता, 'सॅटर्डे नाइट फीव्हर'मधल्या जॉन ट्रॅव्होल्टासारखा पांढरा सूट घालून. बरोबर यजमान घरातला मुलगा. घराचा नंबर चुकला. बेल वाजवली. घरातल्या बाईंनी बाजूचं दार उघडून बघितलं, घाबरल्या, दार लावून नवऱ्याला बंदूक आणायला सांगितलं. ती दोन मुलं परत निघालेली असताना नवरा .४४ मॅग्नम घेऊन दारात आला आणि ओरडला, "फ्रीझ!" हत्तोरी 'आम्ही पार्टीला आलोय' असं म्हणत त्याच्याकडे वळला. हातात कॅमेरा होता. काही फुटांवरून एक गोळी, छातीत.

'फ्रीझ' या शब्दाचा हा अर्थ त्याला माहीत होता का, यावर जपानमध्ये खूप चर्चा झाली. आपणही पुस्तकी इंग्रजी शिकून आलेलो. मला स्वतःला 'हलू नकोस' या अर्थाने तो शब्द इथल्या टीव्हीवर कळला, शाळेत तर फ्रीझ म्हणजे गोठणे. आणि आपल्याकडे दिवाळीच्या फराळाचे डबे घेऊन पोरं संध्याकाळी अंधारात कुणाकुणाच्या दारी जातात, सगळी घरं एकाच बिल्डरची, एकसारखी!

पोलिसांनी त्या घरमालकाला सुरुवातीला सोडूनच दिलं होतं. नंतर आरोप लागला, खटला चालला आणि मे १९९३ मध्ये ज्युरीने तीन-साडेतीन तासांत त्याला निर्दोष सोडलं. बचावाचं म्हणणं: रात्रीची वेळ, अनोळखी माणूस, थांब म्हटलं तरी थांबत नाही, वेगाने जवळ येतो, बायको घाबरलेली. कुठलाही सामान्य माणूस घाबरला असता. ज्युरीला ते पटलं. पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, मुलाच्या आईवडिलांचा दिवाणी दावा ज्युरीऐवजी न्यायाधीशापुढे चालला. त्यांनी हा गोळीबार समर्थनीय नव्हता असं ठरवून साडेसहा लाख डॉलरच्या वर भरपाई दिली. दार लावून घेता येत होतं, पोलिसांना फोन करता येत होता, त्यांनी यातलं काही केलं नाही. मधल्या काळात आईवडिलांनी जपानमध्ये सतरा लाखांवर सह्या गोळा करून नोव्हेंबर १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांची भेट घेतली. भरपाईचा जो काही भाग हाती आला त्यातून त्यांनी एक निधी उभा केला. दरवर्षी एका अमेरिकन विद्यार्थ्याला जपानला बोलवायचं, बंदुकीशिवाय समाज कसा राहतो ते त्याला बघू द्यायचं.

आता आपल्याकडचा कायदा. मेकॉलेने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला, तो १८६२ पासून लागू झाला. त्या मसुद्याच्या टिपणात तो काय म्हणतो? की हिंदुस्थानातले लोक दरोडेखोरांचा जुलूम मुकाट्याने सहन करतात, हे निराशाजनक लक्षण आहे. म्हणून बचावाच्या हक्कावर निर्बंध वाढवण्यापेक्षा लोकांत मर्दपणा जागवणं बरं. मी हे वाचून बराच वेळ हसत होतो. तिकडे इंडियाना-ओहायोचे न्यायाधीश आपले पुरुष मर्द आहेत म्हणून पळण्याचा नियम काढतात, आणि इकडे साहेब आमच्यात मर्दानगी नाही म्हणून हक्क मोकळा करतो. कारणं उलटी, कोड एकच!

अगदी एकच नाही, म्हणा. आपल्या संहितेने 'वाजवी' शब्दावर सगळा भार टाकला नाही. कलम १०० मध्ये (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३८) यादीच दिली आहे: मृत्यूची भीती, गंभीर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण वगैरे, आणि २०१३ पासून ॲसिडहल्ला. मालमत्तेसाठी वेगळी यादी: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, घराला आग. वर कलम ९९ चं कुलूप: पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर अमेरिकन कायदा म्हणजे एकच मोठं फंक्शन, आत ज्युरी काय करते ते दिसत नाही. आपला कायदा म्हणजे स्विच-केस. आणि ज्युरी तर आपल्याकडे उरलीच नाही. मुंबईच्या ज्युरीने १९५९ मध्ये नानावटीला सोडल्याची आठवण तेवढी राहिली. (तिथेही आहुजा निःशस्त्र होता, नुकताच आंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल. पण बचाव स्वसंरक्षणाचा नव्हता, झटापटीत चुकून गोळी सुटली असा होता.)

या यादीचा उपयोग कसा होतो ते विश्वनाथ खटल्यात दिसतं. गोरखपूरची रेल्वे क्वार्टर्स. नवऱ्याशी पटत नाही म्हणून माहेरी येऊन राहिलेली मुलगी. एका रात्री नवरा आला, घरात शिरला आणि तिला ओढत बाहेर नेऊ लागला. ती दार धरून राहिली. वडील ओरडले, ऐकत नसेल तर मारा. तिच्या भावाने खिशातून चाकू काढून एकच वार केला, तो हृदयात गेला. मेलेल्या माणसाच्या हातात काही नव्हतं. उच्च न्यायालयाने भावाला तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये त्याला सोडलं. मुलीला जबरदस्तीने ओढून नेणं हे अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला या कलमात बसतं, त्यामुळे मृत्यू ओढवण्यापर्यंत हक्क पोचतो, आणि वार एकच होता. नवरा आपल्याच बायकोला नेत होता म्हणून त्याला सूट मिळाली नाही. १९५९ सालासाठी हे मला कमी वाटत नाही.

पळून जाण्याबद्दल मात्र आपली कोर्टंही दोन सुरांत बोलतात. १९८० च्या योगेंद्र मोरारजी खटल्यात रस्त्यात गाडी अडवणाऱ्यांवर रिव्हॉल्व्हर चालवणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निसटायचा सुरक्षित मार्ग असेल तर जीव घेता येत नाही; त्याने मर्यादा ओलांडली असं ठरलं. २०१० च्या दर्शनसिंग निकालात तेच न्यायालय म्हणतं, हल्ला झाल्यावर भित्र्यासारखं पळण्याची अपेक्षा कायदा करत नाही.

मूळ इंग्लंडात काय झालं, हे तिकडच्या मंडळींसाठी दोन ओळींत. ऑगस्ट १९९९ मध्ये नॉरफोकच्या टोनी मार्टिन या शेतकऱ्याने घरात शिरलेल्या १६ वर्षांच्या चोराला शॉटगनने मारलं. गोळी पाठीत लागली होती. खुनाची जन्मठेप झाली, २००१ मध्ये ती सदोष मनुष्यवधावर आली, पण मानसिक आजाराच्या मुद्द्यावर, स्वसंरक्षणाच्या नव्हे. पळणाऱ्या माणसाची भीती वाजवी नसते.

टेक्सासला मात्र हे असं सांगू नका. आमच्या ह्यूस्टनला लागूनच पासाडेना आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये तिथल्या एका निवृत्त गृहस्थांनी शेजाऱ्याच्या घरात चोर शिरलेले पाहिले, ९११ ला फोन लावला, ऑपरेटर बाहेर जाऊ नका म्हणून सांगत असताना बाहेर गेले आणि दोघांना ठार केलं. चोरांकडे बंदूक नव्हती. जून २००८ मध्ये ग्रँड ज्युरीने आरोप ठेवायला नकार दिला. टेक्सासच्या कायद्यात मालमत्तेसाठी, काही अटींवर दुसऱ्याच्या मालमत्तेसाठीही, प्राणघातक बळाची मुभा आहे. अशी मुभा देणारं राज्य अमेरिकेतही विरळाच.

२००५ मध्ये फ्लोरिडाने मागे सरण्याचं कर्तव्य रस्त्यावरही काढून टाकलं आणि मग अनेक राज्यांनी त्याची नक्कल केली. २६ फेब्रुवारी २०१२ ला सॅनफर्डमध्ये जॉर्ज झिमरमनने ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या निःशस्त्र मुलाला मारलं, ते सर्वांना आठवत असेल. बचाव पक्षाचा सगळा जोर फुटपाथवर होता: मुलाच्या हातात काही नव्हतं, पण खाली काँक्रीट होतं आणि माझ्या अशिलाचं डोकं त्यावर आपटलं जात होतं. मुळात त्या मुलाच्या मागे कोण गेलं, हा प्रश्न ज्युरीने फारसा मोजला नाही. जुलै २०१३ मध्ये सुटका झाली. मला विचाराल तर भीती कुठून मोजायला सुरुवात करायची, शेवटच्या मिनिटापासून की पहिल्या, यातच निम्मा निकाल ठरून जातो.

आणि एप्रिल २०२३. एकाच आठवड्यात दोन घटना. मिसुरीत कॅन्सस सिटीला १६ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा धाकट्या भावांना आणायला गेला, रस्त्याचं नाव सारखं म्हणून दुसऱ्याच घराची बेल वाजवली. ८४ वर्षांच्या घरमालकाने काचेच्या दारातून त्याच्यावर दोन गोळ्या झाडल्या. मुलगा वाचला. मुलाच्या उंचीची भीती वाटली, असं म्हातारबांनी पोलिसांना सांगितलं. दोन दिवसांनी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला हेब्रन गावी काही तरुण मुलांची गाडी चुकीच्या ड्राइव्हवेत शिरली. गाडी वळवून ती परत निघाली असताना घरमालकाने गोळी झाडली आणि २० वर्षांची मुलगी मेली. जानेवारी २०२४ मध्ये ज्युरीने त्याला खुनासाठी दोषी धरलं, शिक्षा झाली २५ वर्षं ते जन्मठेप. मिसुरीच्या घरमालकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये कमी गुन्हा कबूल केला आणि शिक्षा सुनावण्याआधीच तो वारला.

राज्यं वेगळी, कायदे वेगळे, माणसं वेगळी, म्हणून १९९२ आणि २०२३ एकाच तराजूत घालता येणार नाहीत. पण बॅटन रूजला दारात येणाऱ्या पोराची भीती वाजवी ठरली होती, आणि या दोन्ही ठिकाणी तो बचाव टिकला नाही.